सोळा माणसं, एक शिट्टी

२०१४ च्या हिवाळ्यात, कार्डिफमध्ये, एका शनिवारी दुपारी माझ्या हातात अचानक एक झेंडा आला. त्याचं झालं असं, की आमची लॅब आणि शेजारची लॅब यांची रग्बीची मॅच होती. मी आपला छत्री घेऊन बघायला गेलो होतो. ऐन वेळी टच जज म्हणजे रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस आलाच नाही. रेफरी होते आमच्या वर्कशॉपमधले जुने टेक्निशियन, साठीच्या आसपासचे अस्सल वेल्श गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू मोजमापातच पीएचडी करतोयस ना? मग चेंडू सरळ आला की वाकडा, एवढं तर सांगशील?"

मी म्हटलं, त्यात काय!

पुढच्या ऐंशी मिनिटांत मला एकदाही ते खात्रीने सांगता आलं नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे, आज लिहितोय.

रग्बी आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. (मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळतात, आणि नट राहुल बोस भारताकडून खेळलाय, बहुतेकांची माहिती इथे संपते. माझीही इथेच संपत होती.) त्यामुळे आधी थोडक्यात. दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं, लंबगोल चेंडू, हाताने पास द्यायचा तर फक्त मागे. पुढे नेण्यासाठी एक तर घेऊन पळायचं, नाही तर लाथ मारायची. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की खेळ पुन्हा सुरू करण्याची जी पद्धत आहे, ती म्हणजे लाइनआउट. दोन्ही संघांचे धिप्पाड गडी रेषेला काटकोनात, समोरासमोर दोन रांगा करून उभे राहतात. दोन रांगांमध्ये एक मीटरचा बोळ. रेषेबाहेर उभा राहून एक जण चेंडू फेकतो, तो बोळातून सरळ मधोमध गेला पाहिजे. दोन्हीकडचे उंच गडी उडी मारून तो पकडायला बघतात. सरळ यासाठी, की चेंडू कुणाच्या बाजूला झुकू नये, दोघांना सारखी संधी मिळावी.

ऐकायला किती न्याय्य! आता यात रेफरीला काय काय बघायचं ते पहा. फेकणाऱ्याचा पाय रेषेच्या आत आला का? त्याने फेकण्याची नुसती हूल दिली का? (दिली तर समोरच्याला फ्री किक.) चेंडू पाच मीटर तरी आत गेला का? सरळ गेला का? बोळ बुजवला का? कुणी कुणाला हवेत ढकललं का, खांद्यावर हात टेकून वर चढलं का, जर्सी ओढली का? आणि बाकीचे खेळाडू दहा मीटर मागे आहेत का? हे सगळं सेकंद-दीड सेकंदात घडतं. रांगेच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं तर मागचं टोक दिसत नाही, मागे उभं राहिलं तर पुढचं. चेंडूकडे बघावं तर हात सुटतात, हातांकडे बघावं तर चेंडू. आमच्या भाषेत सांगायचं तर मोजायच्या राशी पंधरा आणि सेन्सर एक, तोही भिजलेला आणि धापा टाकणारा.

त्या शनिवारी मी बरोबर फेकणाऱ्याच्या मागे उभा होतो, म्हणजे सगळ्यात चांगल्या जागी. तरी वाऱ्याने मध्येच चेंडू वळला, तर तो सरळ फेकलेला वाकडा म्हणायचा का वाकडा फेकलेला सरळ? शिवाय दोन रांगाच मुळात जराशा तिरक्या उभ्या असतील तर 'मधोमध' कुठलं? मी दर वेळी टेक्निशियनबुवांकडे बघायचो आणि खांदे उडवायचो. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडून दिलं.

आता जरा इतिहास. ही काटकोनाची भानगड रग्बीचीच आहे असं मला वाटायचं. तसं नाही. १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने जे पहिले नियम केले, त्यातही बाहेर गेलेला चेंडू रेषेला काटकोनातच आत फेकायचा असं होतं. आणि फेकायचा कुणी? तर ज्याने बाहेर गेलेल्या चेंडूला पहिला हात लावला त्याने! रेषेबाहेरच्या जागेला 'टच' का म्हणतात याचं उत्तर इथे आहे. पहिला स्पर्श ज्याचा, चेंडू त्याचा. फुटबॉलवाल्यांनी १८७७ मध्ये काटकोन सोडून दिला, फेका कुठेही म्हणाले, आणि एका कटकटीतून सुटले. रग्बीने मात्र काटकोन धरून ठेवला आणि पुढची दीडशे वर्षं भांडत बसले.

गंमत म्हणजे सुरुवातीला रेफरी नावाचा प्राणीच नव्हता. रग्बी गावातल्या शाळेत मुलांनी १८४५ मध्ये नियम छापले, त्यात सगळ्या वादांचा निकाल दोन्ही संघांच्या प्रमुखांनी किंवा त्यांनी नेमलेल्या दोघांनी लावायचा असं स्पष्ट होतं. म्हणजे गल्ली क्रिकेटसारखंच, फक्त रडीचा डाव खेळणारा सभ्य घरातला आहे हे गृहीत धरलेलं. पुढे अंपायर आले, पण तेही अपील झालं तरच निर्णय देत. क्रिकेटमधलं 'हाउज दॅट' तसंच. १८७१ च्या मार्चमध्ये एडिंबरामध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडने गोंधळात गुण मिळवला, इंग्लंडने हरकत घेतली. अंपायर होते आमंड नावाचे एक हेडमास्तर. त्यांनी गुण दिला, आणि नंतर सांगितलं की शंका असेल तेव्हा जो संघ जास्त आरडाओरडा करतो त्याच्या विरुद्ध निकाल द्यावा, बहुधा चूक त्याचीच असते. मास्तरांचा अनुभव! आपल्याकडच्या कुठल्याही पीटीच्या सरांनी हेच सांगितलं असतं.

इथे आपला एक धागा आहे, तो सांगून टाकतो. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीची मॅच खेळली, त्यातून क्लब निघाला. पण हवा मानवेना, माणसं टिकेनात. क्लब बंद करताना बँकेत उरलेले चांदीचे २७० रुपये त्यांनी वितळवले, त्याचा एक सुंदर कप घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडला पाठवून दिला. कपाचे तीन कान म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड दर वर्षी अजूनही त्या कलकत्ता कपासाठी भांडतात. आणि भांडतात हा शब्द मी मुद्दाम वापरला. १८८४ च्या सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूने हाताने चेंडू मागे मारला, तो इंग्लंडला मिळाला आणि त्यांनी गुण केला. स्कॉटलंड म्हणे, असा चेंडू मारणं बेकायदा, खेळ थांबायला हवा होता. इंग्लंड म्हणे, नियम तुम्ही मोडलात, त्याचा फायदा तुम्हालाच कसा मिळेल? वाद इतका पेटला की पुढच्या वर्षी सामनाच झाला नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सने मिळून नियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं, इंग्लंडने त्यात यायला १८९० उजाडलं. याच काळात रेफरीच्या हाती शिट्टी आली, हळूहळू अपिलाची अट गेली, आणि अंपायर बिचारे रेषेवर झेंडे घेऊन उभे राहिले. म्हणजे माझे पूर्वज.

तेव्हापासून न्याय एका माणसाच्या शिट्टीत आला. पण ती शिट्टी फुंकणाऱ्याला दिसतंय किती, हा प्रश्न तिथेच राहिला.

लाइनआउटच्या इतिहासातला सगळ्यात कुप्रसिद्ध आकडा आहे १११. १९६३ साली मरेफील्डवर स्कॉटलंड विरुद्ध वेल्स या एका सामन्यात १११ लाइनआउट झाले. मी हिशोब केला: ऐंशी मिनिटांत दर ४३ सेकंदांना एक! वेल्सचा कप्तान क्लाइव्ह रोलंड्स चेंडू हातात आला की तो लाथेने सरळ बाहेर घालवायचा. तेव्हा मैदानात कुठूनही चेंडू थेट बाहेर मारला तर तो जिथे रेषा ओलांडेल तिथे लाइनआउट व्हायचा. म्हणजे पळायची गरजच नाही, रेषेच्या कडेकडेने शंभर मैलांची पदयात्रा. वेल्स ६-० ने जिंकलं. बिचाऱ्या रेफरीला त्या दिवशी १११ वेळा तो दीड सेकंद जगावा लागला. आजच्या सामन्यात पंचवीस-तीसच्या आसपास होतात, तरी रेफरींची पुरेवाट होते. १९७० च्या आसपास नियम बदलला: स्वतःच्या पंचवीस यार्डांच्या आतून मारलात तरच हा फायदा, बाहेरून थेट मारलात तर लाइनआउट जिथून लाथ मारली तिथेच.

लाइनआउट कमी झाले, सोपे नाही झाले. साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या फिती बघा. दोन रांगा कसल्या, सहा वाजताची विरार लोकल! कोपरं, खांदे, धक्के. आणि आता येतो तो सामना, ज्याबद्दल टेक्निशियनबुवांशी बोलायचं असेल तर आधी त्यांना चहा पाजावा लागतो.

११ नोव्हेंबर १९७८, कार्डिफ आर्म्स पार्क. वेल्सचा सुवर्णकाळ, त्याच वर्षी पाच देशांच्या स्पर्धेत त्यांनी सगळे सामने जिंकले होते. समोर न्यूझीलंड. त्यांना वेल्सने १९५३ मध्ये हरवलं होतं, त्यानंतर नाही. शेवटची काही मिनिटं. वेल्स १२, न्यूझीलंड १०. वेल्सच्या हद्दीत लाइनआउट. चेंडू आत आला आणि न्यूझीलंडचा उंचापुरा अँडी हेडन रांगेतून असा बाहेर कोसळला, जणू कुणी तोफ डागली. दुसरा गडी फ्रँक ऑलिव्हरही पडला. इंग्लिश रेफरी रॉजर क्विटनटनने शिट्टी मारली: पेनल्टी, न्यूझीलंडला. ब्रायन मॅकेक्नीने ती मारली. १३-१२. संपलं.

पुढे हेडनने आपल्या पुस्तकात कबूल केलं की हे आधीच ठरवलेलं नाटक होतं. झालं! वेल्समधल्या एका पिढीसाठी क्विटनटन म्हणजे नाटकाला फसलेला रेफरी. पण क्विटनटन काय सांगत राहिला ते ऐका: मी हेडनच्या पडण्यावर शिट्टी मारलीच नाही. वेल्सच्या जेफ व्हीलने ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेऊन उडी मारली, पेनल्टी त्याची होती.

आता ही फार विचित्र गोष्ट आहे. नाटक खरं होतं, हे नाटक करणाराच सांगतो. आणि निर्णय नाटकामुळे दिलेला नव्हता, हे निर्णय देणारा सांगतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं! हेडनची उडी पाण्यात गेली आणि सामना भलत्याच कारणाने जिंकला, असंही असेल. पण सोळा माणसांच्या त्या गर्दीत, एका रेफरीने त्या क्षणी नेमकं कुठे बघितलं, हे त्याच्या शब्दाशिवाय आपल्याला कसं कळणार? मोजमापाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला हे फार लागतं. आकडा बरोबर आलाय, पण उपकरण तेव्हा कुठे रोखलेलं होतं याची नोंद नाही. असा आकडा आम्ही पेपरात छापत नाही. रेफरीला मात्र तो तिथल्या तिथे, पन्नास हजार लोकांसमोर छापावा लागतो.

(थोडं विषयांतर, पण क्रिकेटवेड्यांसाठी आवश्यक. हा मॅकेक्नी तुम्हाला माहीत आहे! १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्यात, आणि ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून धाकट्या ट्रेव्हरने चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला. तो अडवून ज्याने चिडून बॅट भिरकावली तो हाच. एका माणसाच्या वाट्याला दोन्ही टोकं यावीत! नियमात बसलेली लबाडी त्याने सोसली आणि नियमात न बसणाऱ्या लबाडीनंतरची पेनल्टी त्यानेच मारली.)

खांद्यावर टेकणं, कमरेला धरून उचलणं, हे सगळं तेव्हा बेकायदा होतं आणि सगळे करत होते. उडी मारणाऱ्याच्या शेजारचा गडी हळूच त्याच्या चड्डीला हात घालायचा. रेफरीने ठरवायचं, की हा हात 'आधार' आहे की 'उचल'. सांगा, कसं ठरवणार? शेवटी १९९० च्या दशकात नियमवाल्यांनी हात टेकले आणि उचलणं चक्क कायदेशीर केलं. आता दोघे जण तिसऱ्याला अलगद वर नेतात, दहीहंडीतल्या गोविंदासारखं. दिसायला फार देखणं. आणि रेफरीची एक डोकेदुखी कायमची गेली.

पण त्याची किंमत मोजावी लागली. उचलल्यामुळे ज्याचा चेंडू त्याला तो मिळण्याची शक्यता खूप वाढली, दहापैकी साधारण आठ-नऊ वेळा फेकणारा संघच जिंकतो. मुळात दोघांना समान संधी म्हणून चेंडू सरळ फेकायचा, तर ती समान संधीच पातळ झाली. शिवाय माणूस आता जमिनीपासून एवढा वर असतो की त्याला हवेत ओढणं म्हणजे मान मोडण्याचा खेळ, म्हणून रेफरीला नवं काम: हवेतल्या माणसाला हात लागला का? जुनं एक ओझं उतरलं, नवं चढलं. मला तरी हा सौदा पटतो. जे दिसूच शकत नाही त्याचा न्याय करण्यापेक्षा, चुकलं तर माणूस जायबंदी होईल तिथे डोळे लावलेले बरे. टेक्निशियनबुवांना मुळीच पटत नाही. ते म्हणतात, उडी मारता येत नाही त्यांच्यासाठी केलेली लिफ्ट आहे ही.

मग टीव्ही आला, तिसरा पंच आला, आणि वाटलं की आता तरी सुटका. तर २०११. पुन्हा कार्डिफ, वेल्स-आयर्लंड. चेंडू बाहेर गेला की रांगा लागायच्या आत झटपट फेकायची मुभा असते, पण अट ही, की चेंडू तोच हवा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला नको. वेल्सच्या मॅथ्यू रीसने झटकन फेकला, माइक फिलिप्स पळाला, ट्राय. चेंडू मात्र दुसराच होता! बाहेर गेलेला प्रेक्षकांत, आणि हा बॉलबॉयकडून आलेला. दक्षिण आफ्रिकेच्या जोनाथन कॅप्लन या रेफरीला शंका आली, त्याने रेषेवरच्या सहायकाला विचारलं, चेंडू तोच आहे का? तो म्हणाला, हो. टीव्हीवर सगळ्या जगाला दिसत होतं, पण हा प्रश्न टीव्ही पंचाला विचारायची नियमात सोयच नव्हती. वेल्स १९-१३ ने जिंकलं. १९७८ बद्दल चहा थंड होईपर्यंत बोलणारे आमचे टेक्निशियनबुवा २०११ चा विषय काढला की डोळा मारतात आणि म्हणतात, "चेंडू चेंडूसारखाच दिसतो, नाही का?"

आणि २०१५ चा ऑक्टोबर. हा सामना मी कार्डिफच्या एका पबमध्ये बघितला, शेजारी आमच्या लॅबमधला स्कॉटिश मुलगा. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, ट्विकनहॅम, पाऊस. स्कॉटलंड ३४, ऑस्ट्रेलिया ३२, शेवटची दोनेक मिनिटं, स्कॉटलंडचा लाइनआउट. फेक लांबली, चेंडू रांगेच्या मागे पडला, तिथे झटापट, चेंडू एका स्कॉटिश खेळाडूकडून पुढे उडाला आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या जॉन वेल्शने तो पकडला. रेफरी क्रेग जूबेर: ऑफसाइड, पेनल्टी. पण मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा हात चेंडूला लागला होता, म्हणजे पेनल्टी नाही, नुसता स्क्रम. फोलीने पेनल्टी मारली, ३५-३४. जूबेर शिट्टी मारून धावत थेट आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीनेच जाहीर केलं की निर्णय चुकला, स्क्रम द्यायला हवा होता, आणि टीव्ही पंचाला विचारणं नियमात बसत नव्हतं. शेजारचा मुलगा काही बोलला नाही. अर्धा ग्लास तसाच ठेवून उठला, आणि सोमवारी लॅबमध्येही त्याने तो विषय काढला नाही.

मला जूबेरच्या पळण्याचा राग आला होता तेव्हा. आता येत नाही. मी त्या झेंड्यामागे उभा राहिलेलो आहे. ते सुद्धा जिथे निकालाने कुणाचं काही बिघडत नव्हतं अशा मॅचला.

२०२५ च्या सहा देशांच्या स्पर्धेपासून आणखी एक बदल आलाय. चेंडू सरळ नसला, पण समोरच्या संघाने उडीच मारली नसेल, तर रेफरीने खेळ चालू ठेवायचा. ज्यावर कुणी हक्क सांगत नाही त्यात न्याय कशाला करायचा? इंजिनियर म्हणून मला हे एकदम पटलं. जिथे फरक पडत नाही तिथे मोजू नका. आणि नीट बघितलं तर हे १८७१ च्या जवळ जाणं आहे: अपील नाही तर निर्णय नाही. फक्त अपील आता तोंडाने न करता उडी मारून करायचं.

टेक्निशियनबुवा आता निवृत्त झालेत. हा नवा नियम मी त्यांना फोनवर सांगितला तर म्हणाले, "म्हणजे तुला आता झेंडा द्यायला हरकत नाही." दर वर्षी ११ नोव्हेंबरला ते मला १९७८ ची ती क्लिप पाठवतात, सोबत एक अक्षर लिहीत नाहीत. गेल्या वेळी मी ती लॅपटॉपवर एकेक फ्रेम करून बघितली. हेडन पडतो ते नाटक आहे, शंकाच नाही. मग मी व्हीलचा हात शोधायला लागलो. चित्र जुनं, धूसर, मध्ये चार माणसं. अर्धा तास बसलो होतो. मला काय वाटलं, ते मी त्यांना अजून कळवलेलं नाही.